पाणी आहे, पंप चालतो, मग दाब का नाही?



पंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीवरचा मोनोब्लॉक येतो, नाहीतर बोअरमधली पाणबुडी मोटर. आज ज्या पंपाविषयी लिहितो आहे तो ओंजळीत मावेल एवढा आहे आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्याची माझी गाठ पडली मुंबईत, अंधेरीला. "मुंबईतला पंप आमच्या काय कामाचा?" असे कोणी म्हणेल. जरा धीर धरा. तोच पंप आपल्यापैकी अनेकांच्या पाठीवर असतो आणि त्याच्यातला दोष वेळीच न कळल्यामुळे माझे सव्वा एकर लागणीचे रान गेल्या वर्षी तणाने भरले. ते शेवटी सांगतो.

माझी बहीण घाटकोपरला राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अंधेरी पूर्वेला साकीनाक्याच्या बाजूला एका गॅरेजात काम करतो. तिथे सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन दुरुस्तीला येतात. गोरेगावची चित्रनगरी १९७७ सालची, आणि शूटिंगच्या जागी नटनट्यांना कपडे बदलायला, तोंड धुवायला ज्या गाड्या उभ्या असतात त्यांचा पसारा या सगळ्या उपनगरांत आहे. शिवाय २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून हौशी लोकही असल्या गाड्या बांधून घेऊ लागले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. भाच्याकडे आलेली गाडी तर आपल्या ऊसाच्या ट्रॉलीसारखी मागे जोडून ओढायची होती, चांगली चाळीस वर्षांची जुनी. आत झोपायची सोय, छोटा ओटा, मोरी, संडास, आणि बाकाखाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. एवढ्याशा जागेत इतका संसार बसवलेला पाहून बहिणीला म्हटले, आपल्या ऊसतोड मजुरांना असले एखादे मिळाले तर काय होईल! असो.

भाच्याची अडचण अशी होती. नळ सोडला की पाणी पहिल्यांदा बरे यायचे, मग बारीक व्हायचे, आणि पाच मिनिटांनी धार अगदी करंगळीएवढी. पंप मात्र घरघरत असायचा. पंप खराब झाला असे समजून त्यांनी नवा आणून बसवला होता. नव्याचेही तेच! आता दुसरा, जास्त ताकदीचा पंप आणायचा विचार चालला होता. रविवारी मालक गाडी न्यायला येणार, सोबत त्याची म्हातारी आई आणि नातवंडे, आणि मोरीत पाणी नाही. भाचा मला म्हणाला, "मामा, तुम्ही गावाकडे पंप खोलता ना, एकदा येऊन बघता का?" सकाळी मेट्रोने घाटकोपरहून साकीनाक्याला गेलो.

मला आधी वाटले, हे आपल्याला काय कळणार. पण बाकाची फळी उचलली आणि हसूच आले. आत दिसला तो आपल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा थोरला भाऊ. आत मोटर, तिच्या तोंडाशी रबरी पडदा, ज्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात. मोटर फिरली की पडदा मागेपुढे होतो, एका झडपेने पाणी ओढतो, दुसऱ्या झडपेने पुढे ढकलतो. डोक्यावर प्रेशर स्विच. नळ बंद केला की पुढच्या नळीत दाब साठतो, ठरलेल्या आकड्याला पोचला की स्विच मोटर बंद करतो. नळ सोडला, दाब उतरला, की मोटर पुन्हा चालू. फवारणी पंपाची गन सोडली की मोटर थांबते, दाबली की सुरू होते, ती याच करामतीने.

पाटीवर लिहिले होते: बारा व्होल्ट, मिनिटाला अकरा लिटर, चाळीस पौंड. चाळीस पौंड म्हणजे सुमारे पावणेतीन किलो दाब, आणि एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. म्हणजे हा मुठीएवढा पंप अठ्ठावीस मीटरचा हेड तयार करतो. बहिणीच्या सात मजली इमारतीत पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते. तळमजल्याला दोन-सव्वादोन किलो दाब मिळतो आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे ती राहते, टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम तीन मीटर, म्हणून पाव किलोच्या थोडा वर. टाकी डोक्यावर असून पाणी हिच्याच घरात बारीक! तिला वाटायचे प्लंबर लबाड आहे. प्लंबरचा काही दोष नाही, उंचीचा हिशेब आहे.

आता मूळ गोष्टीकडे. दाब नाही म्हटल्यावर आपण सगळे पहिला हात पंपाला घालतो. पंप हा मधला गडी आहे. त्याच्या मागे टाकी, जाळी, ओढणारी नळी. त्याच्या पुढे नळी, नळ, नोझल. आणि बाजूने येणारी वीज. या तिघांपैकी कोण आडवे आले हे ठरवल्याशिवाय पंप बदलणे म्हणजे बैल लंगडतो म्हणून गाडी बदलण्यासारखे.

मी भाच्याला दोन बादल्या आणायला सांगितल्या, दहा-दहा लिटरच्या, आणि हातातल्या घड्याळाकडे बघत बसलो. गाडीचा नळ पूर्ण सोडून पहिली बादली भरायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. लगेच दुसरी लावली, तिला तीन मिनिटे. पाटीप्रमाणे मिनिटभरात भरायला हवी.

मग टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडवली आणि पंपाच्या तोंडाला हातभर वेगळी नळी लावून ती भरलेल्या बादलीत बुडवली. म्हणजे टाकी, टाकीची जाळी, मधली नळी, सगळे वगळले. पंप आता बादलीतून ओढतो आणि नळातून दुसऱ्या बादलीत सोडतो. पहिली बादली एक मिनिट चाळीस सेकंद. दुसरी? तीही एक मिनिट चाळीस. तिसरी, तेवढीच.

इथे थांबून विचार करा. आम्ही दोघांनीही केला, चहा घेत. बादलीतून ओढल्यावर धार बारीक होत जाणे थांबले. म्हणजे हळूहळू मरत जाणारी धार हा टाकीच्या बाजूचा दोष. पण मिनिटाला अकरा लिटर तरीही मिळेनात. म्हणजे दुसरा एक दोष आहे, आणि तो टाकीत नाही. एका गाडीत दोन रोग. नवा पंप बसवून फरक पडला नाही तो याचमुळे: पंप दोन्ही वेळा निर्दोष होता.

दुसऱ्या दोषाचा शोध आधी लागला, म्हणून तो आधी सांगतो. नळाच्या तोंडाची जाळी काढून पाहिली, थोडे क्षार होते, धुतले, फरक नाही. मग मीटर घेतला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट. पंप बंद असताना पंपाच्या वायरीवरही साडेबारा. भाचा म्हणाला, "बघा मामा, वीज बरोबर आहे." अरे बाबा, बंद पंपावर मोजून काय कळणार! उभ्या बैलाचा लंगडेपणा दिसत नाही. पंप चालू करून मोजले तेव्हा काटा आला आठ पूर्णांक सहावर. जवळजवळ चार व्होल्ट वाटेतच गळाले. कुठे गळाले ते शोधायची रीत सोपी आहे. पंप चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पंपाच्या धन वायरीला लावायची: अर्धा व्होल्ट, म्हणजे तिकडे फार बिघाड नाही. मग ऋण टोकापासून पंपाच्या ऋण वायरीपर्यंत: तीन पूर्णांक चार! वायर पाहिली तर धडधाकट. पण जुन्या गाड्यांत ऋण वायर बॅटरीपर्यंत नेतच नाहीत, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टने कसतात आणि सांगाडाच वायरीचे काम करतो. तो बोल्ट मुंबईच्या खाऱ्या हवेत चाळीस वर्षे गंजत होता. खोलला, लोखंड पॉलिश पेपरने चकचकीत घासले, नवी लग दाबून कसली, वरून ग्रीस लावले. पंपावर बारा व्होल्ट, आणि बादली एक मिनिट पाच सेकंदांत. खर्च, एक लग आणि एक चहा.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. या छोट्या बॅटरीच्या पंपाला व्होल्टेज कमी पडले की तो हळू फिरतो, एवढेच. विहिरीवरच्या थ्री-फेज मोटरचे तसे नाही. ती आपला वेग सोडत नाही, कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. तेव्हा "पाणी थोडे कमी येईल पण चालू देत" हा विचार विहिरीवर करू नये. आणि तिथली वायरिंग आपण स्वतः मीटर घेऊन उघडायची नाही, वायरमनला बोलवायचे. बारा व्होल्ट अंगाला झटका देत नाही म्हणून मी हात घातला. तरी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर ठिणगी उडून हात भाजतो. आधी एक टोक सोडवून मगच बोल्ट खोलला.

आता राहिला पहिला दोष. टाकीकडची नळी परत जोडली. पहिली बादली एक मिनिट पाच, दुसरी दीड मिनिट, तिसरी दोन. म्हणजे रोग तसाच. भाच्याने टाकीच्या तळाची जाळी काढली, स्वच्छ. नळी कुठे मुडपली आहे का पाहिले, नाही. होज क्लिपा आवळल्या. ओढणाऱ्या बाजूला हवा शिरत असेल तर नळातून पाणी फुसफुसत, बुडबुडे घेऊन येते, शिवाय नळ बंद केला तरी पंप थांबत नाही, कारण हवा दाबली जाते आणि स्विचच्या आकड्यापर्यंत दाब चढतच नाही. इथे तसेही नव्हते. धार स्वच्छ, फक्त मरत जाणारी.

खरे सांगायचे तर मला सुचले ते अपघाताने. चौथी बादली भरताना मी टाकीवर हात टेकवून बसलो होतो आणि हाताखाली प्लॅस्टिक हलले. टाकीची भिंत आत ओढली जात होती! पोरगे रिकामी बाटली तोंडाला लावून चोखते तेव्हा बाटली जशी चिमते, तशी. मी टाकीचे भरायचे झाकण फिरवले, सुर्रर्र करून हवा आत गेली, टाकी टम्म फुगली, आणि नळाची धार एकदम जाड झाली.

पाणी बाहेर जाते तेवढी हवा आत यायला हवी. टाकीला त्यासाठी वर एक बारीक नळी असते, तिचे तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला. इमारतींच्या गच्चीवर टाकीजवळ वाकलेल्या तोंडाच्या नळ्या दिसतात ना, त्यातल्या काही याच कामाच्या. या गाडीच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. वर्षानुवर्षे गाडी उभी, माशीला काय, मोकळी नळी म्हणजे आयती खोली. तारेने माती काढली, नळी धुतली, तोंडाला बारीक जाळी बांधली. चारही बादल्या एक मिनिट पाच सेकंदांत.

त्या दिवशी भाच्याला आणखी दोन गोष्टी सांगितल्या त्या थोडक्यात लिहितो. रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच क्षणभर चालू होऊन थांबत असेल, तर पुढच्या बाजूला कुठेतरी पाझर आहे किंवा पंपाच्या आतली झडप पाणी मागे सोडते आहे. आणि नळ अगदी थोडा उघडला की पंप धडधड चालू-बंद होतो तो दोष नव्हे. पाणी कमी लागते, दाब लगेच चढतो, स्विच आपले काम करतो.

परतताना मेट्रोत बसलो आणि डोक्यात एकच घोळत राहिले. गेल्या वर्षी लागणीनंतर मी तणनाशक मारले होते. नवा बॅटरीचा पंप, सोळा लिटरचा. पंधरा-वीस दिवसांनी रानात पट्टे दिसू लागले. थोडे अंतर स्वच्छ, पुढे थोडे अंतर घोळ आणि माठ माजलेला, पुन्हा स्वच्छ, पुन्हा तण. मी औषध भेसळीचे म्हणून दुकानदाराशी भांडलो. चारचौघांत बोललो, उधारीचे खाते बंद केले, खुरपणीला बायका लावल्या आणि त्या मजुरीचा पैसा मनातल्या मनात त्याच्या नावावर मांडला.

गावी आल्यावर पाय धुवायच्या आधी पंप काढला. फवारणी पंपाच्या झाकणात हवा आत घ्यायला बारीक भोक असते, त्यावर रबराची छोटी झडप, म्हणजे वाकल्यावर औषध पाठीवर सांडू नये. माझ्या झाकणातली झडप औषधाच्या पुडीने आणि मातीने लिंपून घट्ट झाली होती. टाकीत साधे पाणी भरले, नोझलखाली मापाचे भांडे धरले. पहिल्या मिनिटाला दोन लिटर. पाचव्या मिनिटाला सव्वा लिटरसुद्धा नाही, आणि टाकीची बाजू आत गेलेली. झाकण सैल केले, पुन्हा दोन लिटर.

पट्ट्यांचा उलगडा झाला. दर टाकीची सुरुवात जोरात, शेवट मेलेला, चालण्याचा वेग मात्र सारखाच. नवी टाकी भरायला झाकण उघडले की हवा आत, पुन्हा जोर. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर सोळा लिटरच्या साडेबारा टाक्या होतात, तेवढेच पट्टे रानात उमटणार. फवाऱ्याचा हिशेब आणखी एक ध्यानात घ्यावा. दाब चौथा हिस्सा झाला की नोझलमधून पाणी निम्मे येते, पण थेंब मोठे होतात आणि फवाऱ्याची रुंदी आक्रसते. म्हणून डोळ्यांना फवारा चालू दिसतो आणि जमिनीवर औषध पोचलेले नसते. उलटही होते. धार मेलेली पाहून माणूस हळू चालतो किंवा तीच जागा दुसऱ्यांदा मारतो, आणि मग कोवळ्या ऊसाची पाने करपतात.

तेव्हा हंगामात पहिल्यांदा पंप काढाल तेव्हा औषध घालण्यापूर्वी साध्या पाण्याने हे एकदा करून बघा. टाकी पूर्ण भरायची, पहिल्या मिनिटाचे पाणी मापायचे, टाकी निम्मी झाली की पुन्हा मिनिटभराचे मापायचे. दोन्ही मापे सारखी आली तर खुशाल रानात जा. दुसरे कमी आले तर झाकण सैल करून तिसऱ्यांदा मापा. वाढले तर झाकणाची झडप कोमट पाण्यात भिजवून जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करा. वाढले नाही तर टाकीच्या तळाची जाळी, मग नोझलआधीची जाळी, मग बॅटरी, या क्रमाने बघा. बॅटरी उतरत आली की टाकीगणिक जोर कमी होतो आणि झाकण उघडूनही परत येत नाही. हा दोन्हींतला फरक. पंप खोलायची पाळी सर्वांत शेवटी.

नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये, तार घालू नये. तारेने भोक मोठे होते आणि मग सगळाच हिशेब चुकतो. मऊ ब्रश आणि पाणी पुरे. भाच्याने मला विचारले होते, "मामा, फवारणीचा जुना पंप या गाडीच्या टाकीला चालेल का, स्वस्तात पडेल." मी त्याला जे सांगितले तेच आपणा सर्वांना सांगतो: औषध एकदा ज्या पंपातून गेले त्यातून पिण्याचे, तोंड धुण्याचे पाणी कधीही काढायचे नाही, जनावरांचेही नाही. रबरी पडद्यात आणि नळीत औषध मुरते, कितीही धुतले तरी जात नाही.

विहिरीच्या मोनोब्लॉकला बादलीची परीक्षा लावता येत नाही, पण क्रम तोच: आधी पाण्याकडची बाजू. फूटव्हॉल्व्हची जाळी, सक्शन पाईपचे जोड, ग्लँड. पंप पाणी ओढतो म्हणतो ते खरे तर वरची हवा पाणी ढकलते, म्हणून समुद्रसपाटीलाही दहा मीटरपलीकडे कोणताही पंप ओढू शकत नाही, आणि व्यवहारात सहा-सात मीटर धरावे. चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेल्यावर जो पंप "नादुरुस्त" होतो, तो पुष्कळदा फक्त फार वर बसलेला असतो. एक पायरी खाली उतरवा, आणि तरीही धार मरू लागली तर जोडांवर ओले फडके गुंडाळून बघा. फडके गुंडाळताच पाणी वाढले तर हवा तिथूनच शिरते आहे.

दुकानदाराकडे मी त्याच आठवड्यात गेलो. झाकण बरोबर नेले होते. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिले, काही बोलला नाही, आणि खात्याची वही काढली.